मोटरहोमच्या टाकीत पेट्रोल सावकाश जात असेल तर: दोष शोधण्याचा क्रम

मोटरहोम, म्हणजे मागे राहते घर बांधलेली गाडी, घेऊन लांबच्या प्रवासाला निघाल्यावर पंपावरचा थांबा एरवी दहा मिनिटांत आटपायला हवा. टाकी नीट भरत नसेल तर मात्र नोझलचा खटका दाबायचा, दोन-चार सेकंदांत तो खट्कन सुटायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा सुटायचा, असा खेळ अर्धा तास चालतो आणि मागे गाड्यांची रांग लागते. काही गाड्यांत नोझल हाताने अर्धवट दाबून बारीक धार सोडली तरच पेट्रोल आत जाते. अमेरिकेत भाड्याने घेतलेल्या किंवा जुन्या विकत घेतलेल्या, केबिनवर झोपायचा माळा असलेल्या मोटरहोममध्ये ही तक्रार वारंवार आढळते. यातल्या पुष्कळशा गाड्या फोर्डच्या ई-450 चॅसिसवर बांधलेल्या असतात. म्हणून पुढचे विवेचन याच गाडीला धरून केले आहे. इतर पेट्रोल मोटरहोमना तपासणीचा क्रम तोच लागू पडतो.

दोष बहुतेक वेळा टाकीत नसतो आणि इंजिनात तर नसतोच. तो पेट्रोल भरण्याच्या तोंडापासून टाकीपर्यंतच्या काही फुटांच्या नळ्यांमध्ये असतो, आणि याचे कारण ही गाडी तयार कशी होते यात आहे. फोर्डच्या कारखान्यातून ई-450 बाहेर पडते ती पुढची केबिन, मागे उघडी चौकट, इंजिन आणि टाकी एवढ्याच स्वरूपात. मागचे घर दुसरी कंपनी बांधते. भरण्याचे तोंड भिंतीत कोणत्या जागी यायचे, नळी किती लांब कापायची, ती कशाच्या वरून न्यायची आणि कशाला बांधायची, हे तिथे ठरते. घर बांधणाऱ्या कंपन्यांसाठी फोर्ड सविस्तर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध करते. पण खालून सांडपाण्याची टाकी, वरून पलंगाचा सांगाडा आणि बाजूने विजेच्या तारा अशा अडचणीत काम करणारा माणूस नळी जिथे जागा मिळेल तिथून ओढून नेतो.

नोझल बंद का होते

नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असते. पेट्रोल वाहत असताना नोझलच्या आत शोषण निर्माण होते आणि त्या भोकातून हवा ओढली जात राहते. भोकावर पेट्रोल किंवा फेस आला की हवा मिळेनाशी होते, आतले शोषण वाढते, पडदा ओढला जातो आणि खटका सुटतो. नोझलला टाकी भरली की नाही हे कळत नाही. आपल्या टोकापाशी द्रव आला एवढेच त्याला कळते.

तो द्रव तिथे येण्याची कारणे दोनच. एक तर पेट्रोल पुरेशा वेगाने खाली उतरत नाही, किंवा टाकीतली हवा दुसरी वाट न मिळाल्याने त्याच तोंडातून वर येते आणि पेट्रोल उडवते. अरुंद तोंडाची कळशी सरळ पाण्यात दाबली की हवा बुडबुडत बाहेर पडते आणि पाणी हिसके देत आत शिरते, तोच प्रकार इथे होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमाने पेट्रोलच्या नोझलचा वेग मिनिटाला 10 गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे 38 लिटरपर्यंत मर्यादित केलेला आहे. त्या वेगाने भरताना तेवढीच हवा, शिवाय पेट्रोलची वाफ, दर मिनिटाला टाकीबाहेर पडली पाहिजे.

ही हवा बाहेर पडण्याची रचना सर्व गाड्यांत सारखी नसते, आणि पुढची निम्मी तपासणी या फरकावर अवलंबून आहे. जुन्या जड मोटरहोममध्ये भरण्याच्या जाड नळीशेजारून एक बारीक व्हेंटची नळी टाकीच्या माथ्यापासून तोंडापर्यंत जाते आणि हवा तिथूनच बाहेर पडते. नंतरच्या गाड्यांत पेट्रोल भरतानाची वाफ वातावरणात जाऊ नये म्हणून ती कोळशाने भरलेल्या कॅनिस्टरकडे वळवतात. कोळसा वाफ शोषून घेतो आणि स्वच्छ झालेली हवा कॅनिस्टरच्या व्हेंट व्हॉल्व्हमधून बाहेर जाते. पहिल्या प्रकारच्या गाडीत टाकी सावकाश भरते म्हणून कॅनिस्टर बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तरीही वर्कशॉपमध्ये बरेचदा तेच पहिल्यांदा सुचवले जाते, कारण तो सुटा मिळणारा आणि सहज बदलता येणारा भाग आहे.

पहिली पायरी: पंप की गाडी

सावकाश भरणे आणि वारंवार बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खटका पूर्ण दाबलेला आहे, तो सुटत नाही, पण आकडे रेंगाळत पुढे सरकतात, असे असेल तर दोष पंपाचा आहे. त्याचा फिल्टर तुंबलेला असतो किंवा एकाच वेळी बऱ्याच गाड्या भरत असल्याने दाब कमी पडलेला असतो. शेजारच्या पंपावर जावे. आगाऊ भरलेली रक्कम संपत आली की पंप स्वतःहून धार कमी करतो, आणि कार्डावर ठरावीक डॉलरची मर्यादा असेल तर मोठी टाकी अर्धी भरण्याआधीच तो थांबतो. ई-450 ची मोठी टाकी 55 गॅलनची, म्हणजे सुमारे 208 लिटरची असते, त्यामुळे या मर्यादेचा अनुभव मोटरहोमवाल्यांना नेहमीच येतो. त्यात गाडीचा काही दोष नाही.

खटका सुटत असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या पंपांवर तसेच होते का ते पाहावे. तोंडाभोवती रबरी घडीची पिशवी असलेली नोझले कॅलिफोर्नियात असतात. ती गाडीच्या तोंडावर घट्ट दाबून धरावी लागतात, आणि मोटरहोमच्या तिरक्या, आत बसवलेल्या तोंडावर ती नीट टेकत नाहीत. एकाच पंपावर त्रास झाला आणि इतरत्र झाला नाही, तर गाडीला हात लावू नये.

दुसरी पायरी: पंपावरच करायच्या परीक्षा

त्याआधी सुरक्षिततेचे सांगायला हवे, कारण मोटरहोम ही घरासह चालणारी गाडी आहे. प्रोपेन गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये, पाणी तापवण्याच्या बंबात आणि हीटरमध्ये ज्योत पेटते. पंपाच्या आवारात शिरण्यापूर्वी ही सर्व उपकरणे आणि प्रोपेनचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा. जनरेटरही बंद असावा. भरताना आत-बाहेर ये-जा करू नये, आणि करावीच लागली तर नोझलला हात लावण्यापूर्वी गाडीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा.

आता नोझल एरवीसारखे लावून खटका सुटू द्यावा. मग ते पाव फेरा, नंतर अर्धा फेरा फिरवून, म्हणजे मूठ आडवी किंवा उलटी येईल असे धरून पुन्हा भरावे. तरीही सुटले तर नोझल इंच-दीड इंच बाहेर घेऊन पाहावे. यातल्या एखाद्या स्थितीत पेट्रोल सुरळीत जाऊ लागले, तर धार नळीच्या पहिल्याच वळणावर किंवा आतल्या झडपेवर आपटून मागे उडत होती असे समजावे. पुष्कळ मालक ही युक्ती सापडल्यावर पुढे काहीच करत नाहीत. तेवढे चालण्यासारखे आहे, मात्र नोझल हातात धरूनच भरावे, ते अडकवून दूर जाऊ नये.

गाडी कोणत्या बाजूला कलली आहे याचाही परिणाम होतो. मोटरहोममध्ये तोंड आणि टाकीचा माथा यांच्या उंचीत फारसा फरक नसतो, म्हणून तोंडाची बाजू दोन इंच खाली असली तरी नळीचा उतार नाहीसा होऊ शकतो. पंपाच्या आवारात पाणी वाहून जावे म्हणून उतार दिलेला असतो. तोंडाची बाजू उंच राहील अशा रांगेत गाडी लावून पाहावी. एवढ्याने फरक पडला तर नळीचा उतार अपुरा आहे हे जवळजवळ नक्की झाले.

खटका केव्हा सुटतो याची नोंद ठेवावी. टाकी जवळजवळ रिकामी असताना पहिल्या गॅलनपासूनच सुटत असेल तर नळी किंवा व्हेंट चोंदलेली आहे. पाऊण टाकीपर्यंत नीट भरून मग त्रास सुरू होत असेल तर व्हेंटचे टाकीकडचे टोक लवकर बुडते आहे किंवा तिथला तरंगणारा व्हॉल्व्ह लवकर बंद होतो आहे. खटका सुटल्यावर नोझल काढताच पेट्रोल तोंडातून उसळून बाहेर आले, तर ते नळीच्या झोळात साठून राहिले होते. फक्त कडक उन्हात, लांब पल्ला गाठून आल्यावर त्रास होतो आणि सकाळच्या गारव्यात होत नाही, असे असेल तर व्हेंट अर्धवट चालते आहे: तापलेल्या टाकीत वाफ जास्त धरते आणि ती अरुंद वाट तिला पुरत नाही. उंच डोंगराळ भागात हवेचा दाब कमी असल्याने हाच त्रास आणखी वाढतो.

तिसरी पायरी: गाडीखाली

टाकी पाव किंवा त्याहून कमी असताना, एक्झॉस्ट पूर्ण थंड झाल्यावर, सपाट जमिनीवर चाकांना उटी लावून हे काम करावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. पाच टनांहून अधिक वजनाच्या या गाड्यांखाली तशीही सरपटत जाण्यापुरती जागा असते. उजेडासाठी बॅटरीवर चालणारा एलईडी दिवा घ्यावा. तारेचा बल्ब नको, कारण तो फुटला तर ठिणगी पडते.

ई-450 ची टाकी मागच्या आसाच्या मागे, चौकटीच्या दोन लांब लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये बसवलेली असते. भरण्याचे तोंड बाहेरच्या भिंतीत असते, म्हणून जाड नळीला त्या पट्टीच्या वरून किंवा तिच्यातून वाट काढत टाकीपर्यंत यावे लागते. ही नळी तोंडापासून टाकीपर्यंत सतत उतरती हवी. मध्ये कुठेही ती आडवी झाली, पट्टी ओलांडताना वर चढली किंवा आधाराविना खाली लोंबली, तर तिथे पेट्रोलचे डबके होते आणि हवेला वाट उरत नाही. जास्तीची लांबी हे याचे सर्वांत सामान्य कारण आहे: जोडणी सोपी जावी म्हणून नळी चार इंच लांब ठेवलेली असते आणि ती वर्षानुवर्षांच्या उष्णतेने मऊ होऊन झोळासारखी खाली येते. नळीवर लहान पाणसळ ठेवून तुकड्या-तुकड्याने उतार तपासावा. नुसत्या नजरेवर विसंबू नये.

मग बारीक व्हेंटची नळी. दोष शोधताना माझा बहुतेक वेळ हिच्यावरच जातो, आणि तो तिथेच जायला हवा. दिव्याने दिसणारा भाग फसवा असतो. दोष असतो तो चौकटीच्या पट्टीच्या मागे, घराच्या जमिनीखाली, जिथे डोळा पोचत नाही. तिथे हात वर घालून नळी बोटांनी चाचपत पूर्ण लांबीने जावे. एखाद्या ठिकाणी तिचा गोलवा जाऊन ती पट्टीसारखी चपटी लागते. तिथे बहुधा प्लास्टिकचा बंद असतो, ज्याने नळी आणि विजेच्या तारांचा जुडगा एकत्र करकचून आवळलेला असतो. किंवा नळी लाकडी तुळई आणि लोखंड यांच्या मध्ये दबलेली असते. किंवा तीव्र वळणावर ती आतल्या आत मुडपलेली असते. बंद कापला तरी वर्षानुवर्षे दबलेली नळी पुन्हा गोल होत नाही. तेवढा भाग, शक्य असेल तर पूर्ण नळी, बदलावी.

व्हेंटच्या नळीत झोळ असेल तर दोष मधूनच डोके वर काढतो, आणि तो शोधणे फार कंटाळवाणे होते. वळणांवर टाकीतले पेट्रोल हिंदकळून त्या झोळात शिरते आणि बुचासारखे बसते. म्हणून प्रवासानंतर भरताना नोझल बंद पडते, आणि दोन दिवस गाडी उभी राहून ते पेट्रोल ओसरले की सगळे ठाकठीक वाटते. वर्कशॉपमध्ये नेलेली गाडी तिथे नेमकी शहाण्यासारखी वागते ती यामुळेच.

बाहेरून सगळे सरळ दिसूनही त्रास चालू राहिला, तर नळ्यांच्या आत पाहावे लागते. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये साधारणपणे 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या रबराच्या नळीचे आतले अस्तर कालांतराने फुगून सुटू शकते. सुटलेले अस्तर झडपेसारखे आडवे येते; बाहेरून नळी धडधाकट दिसते. तोंडाकडचा क्लॅम्प सोडून नळी काढावी आणि उजेडाकडे धरून आरपार पाहावे. व्हेंटच्या नळीचे टाकीकडचे टोक न काढता तोंडाकडचे टोक मोकळे करून, टाकीचे झाकण उघडे ठेवून, सायकलच्या हातपंपाने हळूच हवा सोडली तरी कळते: हवा विनाअडथळा गेली पाहिजे. कॉम्प्रेसर लावू नये, कारण त्या दाबाने टाकीवरचे व्हॉल्व्ह खराब होतात. तोंडाने तर मुळीच फुंकू नये.

नवी नळी पेट्रोल भरण्यासाठीच बनवलेली आणि तसा शिक्का असलेली घ्यावी. रेडिएटरची किंवा पाण्याची नळी तात्पुरती म्हणूनही लावू नये. पेट्रोलने ती लवकर फुगते आणि गळू लागते. नळी मापून, उतार राखून कापावी, मधे आधाराचा पट्टा द्यावा, दोन्ही टोकांचे क्लॅम्प नवे लावावेत. भरण्याच्या तोंडाचा धातू चौकटीला जोडणारी लहानशी तार असते. ती स्थिर वीज वाहून नेण्यासाठी असते. काम संपल्यावर ती परत जोडणे पुष्कळदा राहून जाते, आणि राहून जाण्यासारखी ती गोष्ट नाही.

चौथी पायरी: कॅनिस्टर आणि टाकीचा माथा

नळ्या निर्दोष ठरल्या तरच इकडे वळावे. हवा कॅनिस्टरमार्गे जाणारी गाडी असेल तर व्हेंट व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला आहे का, त्याच्या बाहेरच्या टोकात धूळ, चिखल किंवा किड्याचे घर आहे का, हे पाहावे. अमेरिकेत मातीची घरटी करणाऱ्या गांधीलमाश्यांना अशी भोके फार आवडतात. कोळ्यांचेही तसेच: पेट्रोलच्या वाफेच्या नळीत एका पिवळ्या कोळ्याने जाळे विणल्यामुळे माझ्दा कंपनीला तिच्या ‘माझ्दा 6’ या मॉडेलच्या मोटारी 2011 मध्ये आणि पुन्हा 2014 मध्ये परत बोलवाव्या लागल्या होत्या. मोटरहोम महिनोन्‌महिने एका जागी उभे असते, म्हणून त्याला हा धोका अधिकच.

समोरच्या फलकावरचा इंजिनाचा दिवा लागला असेल तर गाडीच्या संगणकात नोंदलेला दोषाचा संकेत वाचून घ्यावा. पी 0446 हा व्हेंट व्हॉल्व्हच्या नियंत्रणाशी संबंधित आहे. फोर्डमध्ये पी 1450 आला तर टाकीतले निर्वात मोकळे होत नाही, म्हणजे बाहेरची हवा आत यायची वाट अडली असण्याची शक्यता आहे. टाकीचे झाकण काढताना दरवेळी जोरात सुस्कारा ऐकू येत असेल तर तोही याच दिशेने बोट दाखवतो. कॅनिस्टर हातात घेऊन पाहता आला आणि तो जड लागला, हलवताना आत द्रव डुचमळला, तर कोळसा पेट्रोलने भिजला आहे आणि कॅनिस्टर बदलण्यावाचून इलाज नाही. हे होते ते खटका सुटल्यानंतरही ‘अजून अर्धा गॅलन बसेल’ म्हणून भरत राहिल्याने. ज्याची टाकी सावकाश भरते त्याला ही सवय लागतेच, आणि अशा रीतीने नळीच्या दोषातून कॅनिस्टरचा दोष जन्माला येतो. दुरुस्तीच्या वेळी दोन्ही पाहायला हवेत ते यासाठी.

टाकीच्या माथ्यावर एक तरंगणारा व्हॉल्व्ह असतो. टाकी भरली किंवा गाडी कलंडली की तो हवेची वाट बंद करतो. तो बंद स्थितीत अडकला तर रिकामी टाकीही भरलेल्यासारखी वागते. त्याच्यापर्यंत पोचायला टाकी उतरवावी लागते. एक गॅलन पेट्रोलचे वजन सुमारे 6 पौंड, म्हणजे भरलेल्या 55 गॅलनच्या टाकीतल्या नुसत्या पेट्रोलचेच दीडशे किलोच्या आसपास वजन होते. हे काम घरी करू नये. पेट्रोल सुरक्षितपणे काढून घेण्याची सोय असलेल्या, जड वाहनांच्या वर्कशॉपमध्येच करावे, आणि पहिल्या तीन पायऱ्यांत काय पाहिले आणि काय आढळले हे त्यांना लेखी द्यावे, म्हणजे ते पुन्हा कॅनिस्टरपासून सुरुवात करणार नाहीत.

गाडी भाड्याची असेल तर

गाडीखाली शिरण्याचा प्रश्नच येत नाही. नोझल फिरवणे, रांग बदलणे, सकाळी भरणे एवढेच करावे, खटका सुटत असतानाचा व्हिडिओ मालकाला त्याच दिवशी पाठवावा, आणि टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी पंप दूर दूर असतात. शिवाय जनरेटर त्याच टाकीतून पेट्रोल घेतो आणि टाकी साधारण पावावर आली की तो बंद पडेल अशीच त्याची नळी बसवलेली असते. गाडी परत देताना टाकी भरलेली हवी अशी अट असेल तर त्यासाठी वेळ राखून ठेवावा.

डिझेल असेल तर

डिझेलला वाफेचा त्रास नसतो, फेसाचा असतो. ट्रकच्या रांगेतले जाड, जोरकस नोझल मोटरहोमच्या तोंडात फेस उठवते आणि फेस नोझल बंद करतो. मोटारींच्या रांगेतल्या लहान नोझलने भरले की बहुधा काम होते. आपल्याकडे ट्रॅव्हलरसारख्या डिझेल गाडीवर घर बांधून घेतलेल्यांनीही, भरण्याचे मूळ तोंड बांधणाऱ्याने हलवले आहे का हे विचारून घ्यावे; हलवले असेल तर उतार आणि व्हेंट यांची वरची सगळी तपासणी तिथेही करावी. पंपावरच्या मुलाला ‘धार कमी ठेव’ असे सांगितले की तेवढ्यापुरते भागते.

दुरुस्तीनंतर

पहिल्यांदा पाच गॅलनच भरून थांबावे आणि दोन्ही नळ्यांच्या जोडांवर कोरडा कागद फिरवून ओल तपासावी. मग टाकी पूर्ण भरावी. पूर्ण दाबलेल्या खटक्यावर, मधे न सुटता, ती भरत गेली पाहिजे आणि शेवटी एकदाच खटका सुटला पाहिजे. त्यानंतर वीस-पंचवीस मैल वळणावळणाच्या रस्त्याने चालवून गाडीखाली पुन्हा पाहावे, कारण भरलेल्या टाकीतले पेट्रोल हिंदकळल्यावरच सैल क्लॅम्प गळू लागतो. आत पलंगाजवळ किंवा कपाटाखाली पेट्रोलचा जरासा जरी वास आला, तरी प्रोपेन पेटवू नये, गाडीत झोपू नये आणि जोड पुन्हा उघडून बसवावा.